बेसबॉलची मैदानं बघत फिरताना : ३० पैकी १९ झाली

कृष्णाकाठ

बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि त्यांची ३० घरची मैदानं. त्यातली १९ माझी बघून झाली. यांच्याबद्दल मराठीत वाचायला फारसं काही सापडलं नाही, म्हणून स्वतःच लिहायला बसले.

मी मूळची सांगलीची. आमच्या घरात क्रिकेट म्हणजे बाबा. आठवडाभर बँकेत आणि रविवारी क्लबच्या सामन्यांना स्कोअरर. कापडी बांधणीची आडवी वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली, एक खोडरबर. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, त्यामुळे बेसबॉल अगदीच परका नव्हता. तरीही ओहायोत कोलंबसला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं टीव्हीवर बेसबॉल दिसला की मी पुढे जायचे. ऑफिसातल्या मैत्रिणीनं २०१३ च्या मे महिन्यात सिनसिनाटीला ओढत नेलं. समोर ओहायो नदी, पलीकडे केंटकी राज्य, आणि होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपला षटकारच) झाला की नदीकडच्या दोन धुरांड्यांतून उडणारी आतषबाजी. घरी परत येताना गाडीत मी तिला प्रश्न विचारत होते, ते दोन तास संपले नाहीत.

त्यातला एक प्रश्न असा होता, की कुंपण सगळीकडे सारख्या अंतरावर का नाही? ती म्हणाली, कुठेच सारखं नसतं. या खेळात पक्कं म्हणाल तर दोन बेसमधलं, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांमधलं, अंतर ९० फूट आणि चेंडू टाकणारा पिचर ते बॅटरपुढची होम प्लेट ६० फूट ६ इंच. त्यापलीकडे मैदान कसं पसरेल, भिंत किती उंच होईल, कोपरा कुठे दुमडेल, हे त्या त्या शहरात जागा कशी मिळाली त्यावर. म्हणजे रस्ता आडवा आला की खेळ बदलतो, नदी आली की बदलतो. हे ऐकल्यावर मला एक मैदान बघून थांबणं शक्यच नव्हतं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बॉस्टनचं फेनवे पार्क. २० एप्रिल १९१२ ला तिथला पहिला मेजर लीग सामना झाला. आज वापरात असलेल्या मैदानांत सगळ्यात जुनं हेच. डाव्या बाजूला लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट आहे. मैदान तिकडे सरकू शकत नव्हतं, म्हणून भिंतच वर गेली, ३७ फूट. ती हिरवी भिंत होम प्लेटपासून जेमतेम ३१० फुटांवर आहे. त्यामुळे इतर ठिकाणी झेल झाला असता असा उंच, लुळा फटका इथे भिंतीवरून पार होतो, आणि इतर ठिकाणी होमरन झाला असता असा सणसणीत सरळ फटका भिंतीवर आपटून खाली येतो. डावीकडच्या क्षेत्ररक्षकाला झेल घेण्याइतकंच भिंतीवरून चेंडू कसा उसळतो ते शिकावं लागतं. भिंतीच्या पोटात माणसं बसतात आणि धावफलकावरचे आकडे हातानं लावतात. मी पुढच्या रांगेत होते. एक पाटी निघाली, त्या काळ्या चौकोनात क्षणभर कुणाची तरी बोटं दिसली आणि दुसरी पाटी बसली. मला एकदम सांगलीच्या मैदानावरचा खिळ्यांना पत्र्याचे आकडे लटकवायचा फळा आठवला.

उजवीकडे वर हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच लाल खुर्ची आहे. विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला बॉस्टनच्याच टेड विल्यम्सनं मारलेला चेंडू तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती टोपीवर पडला होता. अंतर ५०२ फूट. मी सामन्याआधी तिथवर चढून गेले आणि खाली बघितलं. होम प्लेट पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते.

बाल्टिमोरचं कॅमडेन यार्ड्स १९९२ चं. त्याआधी साठ-सत्तरच्या दशकांत बऱ्याच शहरांनी बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्हींसाठी काँक्रीटची गोल भांडी बांधली होती. सगळी एकसारखी. बाल्टिमोरनं शहराच्या मध्यात, रेल्वेचं हजार फुटांहून लांब विटांचं जुनं गोदाम न पाडता त्याला टेकून मैदान उभं केलं आणि मग बाकीची शहरंही त्याच वाटेनं गेली. गोदाम आणि मैदान यांच्यामधली गल्ली सामन्याच्या दिवशी मैदानाचाच भाग होते. तिथे पडलेल्या प्रत्येक होमरनच्या जागी जमिनीत पितळी पट्टी बसवलेली आहे. बेसबॉलचा दिग्गज बेब रूथ, त्याच्या वडिलांचा गुत्ता याच मैदानाच्या जागेवर होता. पोरं खाली बसून पट्ट्यांवरची नावं बोट फिरवत वाचत होती, मीही तेच केलं.

क्लीव्हलँडबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते आमच्यापासून सव्वादोन तासांवर आणि माझं सगळ्यात जास्त वेळा झालेलं. तिथे जॉन अ‍ॅडम्स नावाचे एक प्रेक्षक होते. १९७३ पासून ते मोठा बास ड्रम घेऊन डावीकडच्या स्वस्त बाकांवर, अगदी वरच्या रांगेत बसायचे आणि संघाला जोर हवा असेल तेव्हा वाजवायचे. पगार नाही, पद नाही, तिकीट स्वतःचं. जुनं स्टेडियम गेलं, १९९४ ला नवीन आलं, ते ड्रम घेऊन नव्यात आले. मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा कुठून येतोय ते कळेना. छातीत आधी जाणवला, कानात नंतर. गणपतीत ढोलपथक दोन गल्ल्या पलीकडे असतानाच जमीन सांगते ना, तसं. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्या बाकावर आता ड्रमची कांस्य प्रतिकृती बसवलेली आहे. शेजारून जाणारे लोक सहज हात टेकवून पुढे जातात, देवळातल्या नंदीला टेकवतात तसा.

आणि पिट्सबर्ग. २०२४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. आईला खेळात रस नाही, तिनं दिवसभर संग्रहालय बघितलं आणि मी बाबांना घेऊन पीएनसी पार्कला गेले. सामन्याच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात. शहरातून चालत, पिवळ्या पुलावरून अ‍ॅलेघेनी नदी ओलांडत लोक मैदानात जातात. पुलाच्या टोकाला क्लेमेंटेचा पुतळा आहे. बाबांनी विचारलं, हा कोण? मग मी चालता चालता सांगितलं. पोर्तो रिकोचा खेळाडू, १८ हंगाम इथल्याच संघाकडून, पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला, कारकिर्दीत बरोबर ३,००० हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचं सामान नीट पोचत नाहीये म्हटल्यावर ३१ डिसेंबरला स्वतः विमानात बसला आणि ते विमान समुद्रात कोसळलं. तो सापडला नाही. त्याचा क्रमांक २१, म्हणून मैदानाची उजवी भिंत २१ फूट उंच बांधलीय. बाबा काही बोलले नाहीत. पुतळ्यापाशी परत दोन पावलं मागे गेले, चपला काढाव्यात तसे पाय जुळवून उभे राहिले आणि मग म्हणाले, चल.

त्यांनी सांगलीहून स्वतःची वही आणली होती. मी आदल्या रात्री पट्टीनं चौकटी आखून दिल्या होत्या, प्रत्येकीत एक तिरका चौकोन. बाबा त्याला शंकरपाळी म्हणू लागले. बेसबॉलच्या स्कोअरमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला क्रमांक असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तिघे ७, ८, ९. म्हणजे शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर गेला आणि दोघे बाद झाले, तर नोंद ६-४-३. बाबांनी ती देवनागरी आकड्यांत केली. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआउट, की इंग्रजी ‘के’ लिहितात. बाबांनी ‘क’ लिहिला. बॅटरनं बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक गेला तर तो ‘के’ उलटा लिहायचा असतो. ‘क’ उलटा कसा लिहायचा याचा त्यांनी थोडा विचार केला आणि मग त्याभोवती गोल काढला. प्रत्येक चेंडूची नोंद करायची या वहीत सक्ती नसते, पण त्यांना डॉट दिल्याशिवाय पुढे जाववेना. पाचव्या डावात शेजारचे एक आजोबा, तेही पेन्सिल घेऊन बसलेले, वाकून बघू लागले. एकमेकांची भाषा येत नाही, पण दोघांनी वह्या शेजारी ठेवल्या आणि हिट होता की क्षेत्ररक्षकाची चूक, यावर बोटांनी वाद घातला. सातव्या डावाच्या मध्ये सगळे उठून गाणं म्हणतात, तेव्हा दोघे एकदमच उठले.

तुम्ही कुठली मैदानं बघितलीत? लिहा ना. विशेषतः माझी जी राहिलीत त्यांच्याबद्दल.

मोरपिसारा

ताई, शंकरपाळी! आता दुसरं काही दिसणारच नाही मला. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो, अजून एकदाही गेलेलो नाही. लेक सहा वर्षांची. नियम माहीत नसताना नेलं तर ती कंटाळेल का? आणि आम्ही शाकाहारी, तिथे खायचं काय?

सायनकर

लेख आवडला. फक्त एका मुद्द्यावर मतभेद. मैदानाचा आकार बदलणं ही बेसबॉलचीच खासियत नाही. क्रिकेटमध्ये सीमारेषा कुठेच एकसारखी नसते. लॉर्ड्सला एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अडीच मीटरच्या आसपास उतार आहे आणि बोलर कुठल्या टोकानं टाकायचं ते त्यावर ठरवतात. कँटरबरीला तर सीमारेषेच्या आत लिंडनचं (इंग्रजीत ‘लाइम ट्री’, पण लिंबाचं नव्हे) मोठं झाड होतं, २००५ साली पडेपर्यंत. आणि क्रिकेटची खेळपट्टी हीच त्या गावची माती असते. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पाच घेत नाही, तेव्हा मातीचा संबंध संपला. माझ्या मते शहर खेळात जास्त उतरतं ते क्रिकेटमध्ये.

कृष्णाकाठ

सायनकर, मातीचं तुमचं म्हणणं मान्य. तेवढं बेसबॉलमध्ये नाहीच. पण हवा मात्र उतरते. डेन्व्हरचं कूर्स फील्ड बघा. वरच्या मजल्यावर विसावी रांग जांभळ्या रंगाची आहे, ती समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीवर. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू कमी वळतो. कोरड्या हवेत चेंडू सुकून टणक होतात म्हणून २००२ पासून तिथे ते दमट खोलीत ठेवतात. त्याशिवाय मैदानाचा मागचा भाग खूप मोठा केलाय, मग मोकळ्या जागेत हिट पडतात ते वेगळंच. एक अडचण सोडवायला गेले की दुसरी उभी. तो सामना बघताना मला सारखी आपल्या खेळपट्टी तयार करणाऱ्या माळ्यांची आठवण येत होती.

मोरपिसारा, जरूर न्या. तुमच्यासाठी क्वीन्सचं सिटी फील्ड सोयीचं. ७ नंबरची ट्रेन दारात सोडते. आत शिरतानाच जॅकी रॉबिन्सनचं मोठं दालन आहे. १५ एप्रिल १९४७ ला तो मेजर लीगमध्ये उतरला, त्याआधी दशकानुदशकं कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे दार बंद होतं. त्याचा ४२ क्रमांक १९९७ मध्ये सगळ्याच संघांनी निवृत्त केला, म्हणजे पुढे कुणा नव्या खेळाडूला द्यायचा नाही. दरवर्षी १५ एप्रिलला मात्र सगळे खेळाडू ४२ घालूनच उतरतात. लेकीला तो आकडा शोधायला लावा. तिथल्या संघानं, मेट्सनं होमरन मारला की मागे मोठं सफरचंद वर येतं, सहा वर्षांच्या मुलीला तेवढंही पुरतं. पहिल्यांदा गेलात तर पाच डाव बघून निघालात तरी चालतं, जबरदस्ती करू नका. २०२३ पासून पिचरवर घड्याळ आलंय, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. त्या हंगामात सरासरी सामना २ तास ४० मिनिटांवर आला, त्यामुळे पूर्वीसारखा जीव जात नाही.

खाण्याचं : बऱ्याच मैदानांत घरचं खाणं नेऊ देतात, पारदर्शक पिशवीत. सगळीकडे नाही, म्हणून त्या त्या मैदानाच्या संकेतस्थळावर पिशवीचे आणि खाण्याचे नियम आदल्या दिवशी बघायचेच. मी मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं नेते. पिट्सबर्गला बटाटा आणि चीज भरलेले पिएरोगी मिळतात, बाबांना ते उकडलेल्या करंजीसारखे वाटले. सॅन फ्रान्सिस्कोत लसूण घातलेले फ्राइज. सिॲटलला भाजलेले नाकतोडेही मिळतात, पाटी वाचून घ्या.

पळसफूल

शिकागोत २० वर्षं झाली, त्यामुळे रिग्ली फील्डवर मलाच लिहायला हवं. १९१४ चं मैदान. आजूबाजूला राहती घरं, समोरच्या घरांच्या गच्च्यांवर बसून लोक सामना बघतात. रेड लाइनचं अ‍ॅडिसन स्टेशन एका कोपऱ्यावर. मागच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेला वेल आहे. एप्रिलमध्ये गेलात तर नुसत्या काड्या दिसतील, जून-जुलैत या. चेंडू वेलीत अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करून उभा राहतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. हात वर न करता शोधत बसला तर खेळ चालू राहतो.

रात्रीचे दिवे तिथे १९८८ पर्यंत नव्हते. बाकी सगळीकडे कधीच आले होते. ८ ऑगस्टला पहिल्यांदा लावले आणि पावसानं तो सामना वाहून गेला, पहिला पूर्ण सामना ९ तारखेला झाला. आजही दुपारचा सामनाच बघावा असं माझं मत आहे. सामना जिंकला की धावफलकावर पांढरा झेंडा चढतो, त्यावर निळं ‘डब्ल्यू’. पूर्वी रेल्वेनं घरी जाणाऱ्यांना त्यावरूनच निकाल कळायचा.

एक गोष्ट सांगतो. रिग्लीचा संघ शिकागो कब्ज. ते १९०८ नंतर थेट २०१६ साली वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका जिंकले. १०८ वर्षं. त्यानंतरच्या दिवसांत लोक खडू घेऊन मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर नावं लिहू लागले. जे हा दिवस बघायला उरले नाहीत त्यांची. वडील, आज्या, मावश्या, शाळेतले मास्तर. भिंत हात पोचेल तिथवर भरली. मी संध्याकाळी ऑफिसमधून उतरून गेलो. एक वयस्क बाई काठी टेकत उभ्या होत्या, खालच्या विटांवर जागाच उरली नव्हती आणि वर हात जात नव्हता. त्यांनी खडू माझ्या हातात दिला, नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, मी लिहिलं. नवऱ्याचं होतं. त्या म्हणाल्या, आडनावातला ‘एच’ नीट दिसू दे, लोक तो गाळतात. मी परत गिरवला.

मोरपिसारा

पळसफूल, वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

गोदातीर

ह्यूस्टनहून. तुम्हा सगळ्यांना आठवतं का बघा : नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन आणि शेन वॉर्न यांचे संघ अमेरिकेत तीन सामने खेळले होते, तेही बेसबॉलच्या मैदानांवर. ७ तारखेला न्यूयॉर्कचं सिटी फील्ड, ११ ला आमचं ह्यूस्टन, १४ ला लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. खेळपट्ट्या बाहेर तयार करून आणून बसवल्या होत्या. तिन्ही वॉर्नच्या संघानं जिंकले.

आम्ही नाशिकचे सहा जण एकत्र गेलो होतो. तोपर्यंत त्या मैदानात मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं, सचिनसाठी गेलो. डावीकडे वर रुळांवर खरीखुरी वाटणारी आगगाडी आहे, कारण मैदान जुन्या युनियन स्टेशनला जोडून बांधलंय. सचिन डगआउटमधून, म्हणजे मैदानाच्या पातळीखालच्या खेळाडूंच्या बाकांकडून, पायऱ्या चढून बाहेर आला. ड्रेसिंग रूमच्या पायऱ्या उतरून येणारा सचिन मी आयुष्यभर बघितला होता, जमिनीतून वर येणारा पहिल्यांदा बघितला. सगळं मैदान उभं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये मी मुलाला घेऊन आमच्या बेसबॉल संघाचा, म्हणजे अ‍ॅस्ट्रोजचा सामना बघायला गेलो, त्याच जागी बसायला मिळतं का ते बघितलं. तिथून माझं बेसबॉल सुरू झालं. आता मैदानाचं नाव बदललंय, आगगाडी आहे.

आणि क्रिकेट-बेसबॉल जोडायचंच तर डॅलसजवळचं ग्रँड प्रेरी विसरू नका. ते मुळात छोट्या लीगचं बेसबॉल मैदान होतं, त्याचं क्रिकेट मैदान केलं. ६ जून २०२४ ला तिथे अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर, आपल्या मुंबईचा.

सायनकर

सौरभ मुंबईकडून रणजी खेळलाय, तेव्हाही डावखुरा मारा बघण्यासारखा होता. गोदातीर, ही माहिती जुळते तिथे आणखी एक जोडतो. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सनंच करारबद्ध केलं होतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळालेले ते पहिले भारतीय.

खाडीकाठची

सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क कृष्णाकाठ यांचं झालंय असं दिसतं, तरी ज्यांना खिशाला परवडत नाही त्यांच्यासाठी : उजव्या भिंतीच्या मागे, पाण्याच्या कडेला चालायचा रस्ता आहे. तिथल्या कमानींतून जाळीपलीकडे सामना फुकट बघता येतो, गर्दी असली की तीन डाव झाल्यावर दुसऱ्यांना जागा द्यायची. पाठीमागे मकोव्ही कोव्ह या छोट्या खाडीत कयाक घेऊन लोक होमरनची वाट बघत असतात. उजवी भिंत २४ फूट, इथल्या संघाचा जुना दिग्गज विली मेझ, त्याचा क्रमांक २४ म्हणून.

पण मला लिहायचंय ते ओकलंडबद्दल. मी १५ वर्षं पूर्व खाडीत राहते आणि आमचं मैदान ते होतं. कॉलिझियम सुंदर नव्हतं हे मला मान्य आहे. नव्वदच्या दशकात फुटबॉलसाठी मागे काँक्रीटचा प्रचंड मजला चढवला आणि टेकड्या दिसेनाशा झाल्या. पण बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनवरून पुलानं थेट आत, तिकीट स्वस्त, उजवीकडे मागच्या बाकांवर अखंड ढोल, आणि शेजारी नेहमी तेच लोक. माझ्या गरोदरपणात एक बाई दर सामन्याला माझ्यासाठी उशी आणायच्या. त्यांचं आडनाव मला आजही माहीत नाही.

२६ सप्टेंबर २०२४ ला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षक. आमचा संघ, अॅथलेटिक्स, ३-२ नं जिंकला. संपल्यावर व्यवस्थापक मार्क कॉत्से माईक घेऊन मैदानात आला, सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटचं ‘लेट्स गो ओकलंड’ म्हणायला लावलं. ढोल थांबेना. सुरक्षावाले बाहेर काढत होते तेही रडत होते. २०२५ पासून संघ सॅक्रामेंटोतल्या छोट्या लीगच्या मैदानावर खेळतोय, पुढे लास व्हेगसला जाणार. मी अजून सॅक्रामेंटोला गेले नाही. दीड तासावर आहे. जाववत नाही.

कृष्णाकाठ

खाडीकाठची, मी कॉलिझियम २०२२ मध्ये बघितलं होतं, ओरॅकलच्या दुसऱ्या दिवशी. खरं सांगायचं तर त्या ढोलांमुळेच मला क्लीव्हलँड आठवत राहिलं. माझ्या १९ मध्ये ते आहे आणि मी ते काढणार नाही. सॅक्रामेंटो वेगळं मोजेन. सॅक्रामेंटोला गेलात तर आधी मला सांगा, मी विमानानं येते, दोघी मिळून जाऊ.

चाफा

लॉस एंजेलिस. डॉजर स्टेडियम १९६२ चं, ५६,००० खुर्च्यांचं, आणि सूर्यास्ताला सॅन गॅब्रियल डोंगर गुलाबी होतात तेव्हा त्याच्याइतकं देखणं मैदान नाही असं मलाही वाटतं. पण ते शावेझ रवीनमध्ये आहे आणि तिथे आधी तीन वस्त्या होत्या. पालो व्हेर्दे, ला लोमा, बिशप. बहुतेक मेक्सिकन वंशाची कुटुंबं, परसात बकऱ्या-कोंबड्या, चर्च, शाळा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी घरं बांधायची म्हणून जागा घेतली, ती योजना नंतर रद्द झाली आणि जमीन पुढे डॉजर्स या बेसबॉल संघाकडे गेली. शेवटची कुटुंबं १९५९ च्या मे महिन्यात पोलिसांनी उचलून बाहेर काढली.

धरणात गाव गेलेल्या घरातली मी आहे. आमच्या आजीचं जातं अजून चुलत्यांकडे आहे, घर पाण्याखाली. त्यामुळे मला तिथे बसून फक्त डोंगर बघता येत नाहीत. मूळ लेखात भिंती आणि रस्ते आहेत, शहरानं मैदान घडवलं असं आहे. मैदानासाठी शहर पुसलं तेही यात यायला हवं.

हरिपूरचा

चाफा, तुमचं दुःख समजतं, पण खेळाच्या धाग्यात कशाला? लोक मजा करायला जातात.

कृष्णाकाठ

हरिपूरचा, कशाला म्हणजे? मीच वर लिहिलंय की मैदान म्हणजे त्या जागेची गोष्ट. मग जागा कुणाची होती हा पहिलाच प्रश्न आहे. चाफा, मी २०१९ ला तिथे गेले तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं. नंतर कळलं की १९८१ मध्ये फर्नांडो वालेन्सुएला हा मेक्सिकोचा २० वर्षांचा पिचर डॉजर्सकडून चमकला, तेव्हा शहरातले मेक्सिकन लोक पहिल्यांदा लोंढ्यानं त्या मैदानात आले. त्यातल्या काहींच्या घरी शावेझ रवीनच्या आठवणी असणारच. पुन्हा गेले तर तुमच्यासोबत जायला आवडेल, त्या वस्त्या नेमक्या कुठे होत्या ते दाखवा.

चाफा

नक्की या. एका बाजूच्या पार्किंगवरून टेकडीचा उतार दिसतो, तिथे उभं राहून दाखवते.

मोरपिसारा

जाऊन आलो! सिटी फील्ड, शनिवार दुपार. लेकीला ४२ सापडला, मग तिनं दालनात तिथल्या माणसाला त्याबद्दल पाच प्रश्न विचारले. चौथ्या डावात पाऊस आला. मैदानावरचे लोक ती प्रचंड ताडपत्री ओढत धावले, त्यावर तिनं टाळ्या वाजवल्या, तिला तो खेळाचाच भाग वाटला. तासाभरानं पुन्हा सुरू झाला. एक विचारायचं होतं, सुरूच झाला नसता तर पैसे गेले असते का?

कृष्णाकाठ

वा! पाच डाव पूर्ण झाले की सामना अधिकृत धरतात, घरचा संघ पुढे असेल तर साडेचार. त्याआधी पावसानं थांबला आणि सुरूच झाला नाही तर सामना पुढच्या तारखेवर जातो आणि तिकिटाच्या बदल्यात काय मिळणार ते संघ कळवतो. इंग्रजीत ‘रेन चेक’ म्हणतात तो शब्द इथूनच आलाय. ताडपत्रीला माझ्याही टाळ्या असतात. वीस-बावीस माणसं एका लयीत पळतात, बघत राहावं.

पळसफूल

कृष्णाकाठ, बाबांच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो टाकता येईल का? गोलातला ‘क’ बघायचाय.

कृष्णाकाठ

वही बाबा सांगलीला घेऊन गेलेत. काल फोनवर सांगितलं त्यांना. फोटो पाठवतो म्हणाले, पण आधी पेन्सिलीनं पुसट झालेलं गिरवून घेतो म्हणाले. गिरवू नका म्हटलं, आहे तसंच पाठवा. ते कबूल झालेले नाहीत.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी कॅन्सस सिटीला चाललेय, विसावं मैदान. मागच्या बाजूला कारंजी आहेत, त्यांच्याजवळची तिकिटं काढलीत. सकाळी निग्रो लीग (दार बंद असताना कृष्णवर्णीय खेळाडू खेळायचे त्या वेगळ्या लीग) बेसबॉल संग्रहालय, संध्याकाळी सामना. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोलंबस किंवा इंडियानापोलिसहून कुणी येणार असेल तर कळवा, ठेपले त्या हिशेबानं करते.